सातच्या आत बोटीत

रोमच्या तेर्मिनी स्टेशनवर दुपारी सव्वाचारला मी आणि आई धावत होतो. आईच्या हातात चपला होत्या, कारण दिवसभर चालून एकीचा पट्टा तुटला होता. माझ्या हातात फोन, आणि फोनवर एकच आकडा मोठ्ठा करून ठेवलेला: ६.३०. त्या वेळेच्या आत आम्ही सत्तरेक किलोमीटरवरच्या चिवितावेक्किया बंदरात उभ्या असलेल्या बोटीत हवे होतो. बोट सातला सुटणार होती. आम्ही असू किंवा नसू.

बोर्डावर २७ नंबरचा प्लॅटफॉर्म दिसला तेव्हा आम्ही निवांत होतो. गाडीला आठ मिनिटं होती. म्हटलं, मुंबईकरांना काय शिकवता, आठ मिनिटांत आम्ही दादरचा पूल दोनदा ओलांडतो. पण तेर्मिनीची गंमत अशी की २४ नंबरपर्यंतचे प्लॅटफॉर्म समोर एका ओळीत आहेत आणि २५ पासून पुढचे गाठायला बाजूने लांबच लांब चालत जावं लागतं. आम्ही पोचलो तेव्हा गाडीचा शेवटचा डबा दिसला. आई खाली बाकावर बसली आणि म्हणाली, "आता फोन कर दादाला."

दादाला फोन करून काही होणार नव्हतं. तो त्याच बोटीवर डिनरची टेबलं लावत होता.

आधी हे सांगायला हवं की माझ्यासारखी, पहिला स्टायपेंड अजून हातात न पडलेली इंटर्न भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर गेलीच कशी. माझा मामेभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, मालवणजवळच्या गावातला. गेली सहा वर्षं तो 'बोटीवर' आहे. कोकणात हा एवढा शब्द पुरतो. तो कुठल्या कंपनीत, कुठल्या समुद्रात, असं कुणी विचारत नाही. 'बोटीवर असतो' म्हटलं की पुढचं सगळं कळतं: घराला स्लॅब पडलेला असतो आणि गणपतीत तो नसतो. कंपनी कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना कमी दरात केबिन देते. दरवर्षी दादा म्हणायचा, "आते, एकदा ये." आई दरवर्षी हसायची. या मार्चमध्ये आजी गेली. दादा त्या दिवशी फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात होता आणि त्याला येता आलं नाही. एप्रिलमध्ये आईने पतपेढीतली ठेव मोडली आणि माझी शेवटची परीक्षा संपल्यावर, मे महिन्यात, आम्ही निघालो.

स्वस्त पडलं का? केबिन स्वस्त पडली. मग विमान, विमा, माणशी ९० युरो व्हिसा फी, बार्सिलोनातली आदली रात्र, आणि बोटीवर माणशी रोज आपोआप बिलात चढणारी टिप. दोघींचं मिळून तीन लाखांच्या वर गेलं. इन्स्टावर 'युरोपपेक्षा क्रूझ स्वस्त' असं सांगणारी रील्स फक्त केबिनचा दर दाखवतात. पाण्याची बाटली, कोल्ड्रिंक, वायफाय, किनाऱ्यावरच्या सहली हे सगळं वेगळं. मी वायफाय घेतलंच नाही. बंदरात फोन चालायचा, समुद्रात एअरप्लेन मोडवर. हा मोड आठवणीने लावा. बोट किनाऱ्यापासून लांब गेली की फोन बोटीच्याच नेटवर्कला चिकटतो आणि त्याचं बिल तुमच्या नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाही.

व्हिसाचंही एक कोडं होतं. आठ दिवसांत तीन देश, मग अर्ज कुणाकडे करायचा? नियम असा की जिथे सगळ्यात जास्त दिवस त्या देशाकडे, आणि दिवस सारखे झाले तर जिथे आधी पाय ठेवणार त्याच्याकडे. आम्ही कागदावर मांडलं: स्पेन चार, इटली तीन, फ्रान्स एक. अर्ज स्पेनकडे. तुमची बोट मध्येच ट्युनिशिया किंवा तुर्कस्तानला जाऊन परत येणार असेल तर तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत येता, म्हणजे सिंगल एन्ट्री व्हिसा चालत नाही. तिकीट काढायच्या आधी रूट नीट बघा. बहुतेक जण हे नंतर बघतात.

आमचा रूट होता बार्सिलोना, मार्सेय, जेनोवा, चिवितावेक्किया, नेपल्स, एक दिवस नुसता समुद्र, मग पाल्मा आणि परत बार्सिलोना. बोट दर आठवड्याला हेच गोल फिरते. या बोटी मोठ्या बंदरांत थांबतात तेव्हा तिथे नवे लोक चढतात आणि जुने उतरतात. आमचा पहिला दिवस असतो तेव्हा शेजारच्या केबिनमधल्या इटालियन आजी-आजोबांचा पाचवा असतो. थोडक्यात, ही पाच हजार माणसांची लोकल आहे. फक्त हिच्यात स्विमिंग पूल आहे, आणि १६ व्या मजल्यानंतर थेट १८ वा येतो, कारण इटलीत १७ आकडा अशुभ. लिफ्टमधला गालिचा रोज बदलतात. त्यावर वार लिहिलेला असतो. आधी मला हसू आलं. तिसऱ्या दिवशी मी खरंच गालिचा बघून वार ओळखत होते.

बार्सिलोनात चढल्या चढल्या सगळ्यांना आपापल्या मस्टर स्टेशनला जावं लागतं, म्हणजे काही झालं तर जिथे जमायचं ती जागा. बरेच जण कंटाळतात, तोंडं वाकडी करतात. आई मात्र शहाण्या मुलीसारखी सगळं ऐकत होती. या कवायतीमागे एक गोष्ट आहे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री कोस्टा कॉन्कॉर्डिया ही बोट इटलीच्या जील्यो बेटाजवळ खडकावर आपटली. ३२ माणसं गेली. ती बोट त्याच संध्याकाळी चिवितावेक्कियाहून सुटली होती आणि तिथे चढलेल्या लोकांची कवायत व्हायचीच होती. तेव्हा ती २४ तासांत केली तरी चालायची. आता ती बोट सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या करावीच लागते. शेवटचा मृतदेह सापडायला नोव्हेंबर २०१४ उजाडला. तोवर ती बोट मोडीत काढायला जेनोवाला ओढून नेली होती. तो मृतदेह मुंबईकडच्या एका वेटरचा होता. मला हे दादाने सांगितलं. बोटीवर काम करणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना ही गोष्ट तोंडपाठ असते.

पहिल्या रात्री आम्ही दादाच्या टेबलावर बसलो. त्याने आधीच सांगून तशी सोय केली होती. सहा वर्षांत आम्ही त्याला फक्त घरच्या हाफ पँटमध्ये बघितलेलं. इथे काळा वेस्टकोट, केस चापून बसवलेले, छातीवर नावाची पट्टी आणि पट्टीवर भारताचा झेंडा. शेजारच्या टेबलाशी तो इटालियन बोलत होता, पलीकडच्यांशी फ्रेंच. आमच्याकडे आला आणि म्हणाला, "गुड इव्हनिंग मॅडम." मागे त्याचा सुपरवायझर उभा होता. मग पाण्याचा ग्लास भरताना हळूच, "आते, मासो खा, बरो आसा."

आई खाऊ शकत नव्हती. सूप झालं की ताटली उचलायला उठायची, कारण तिच्या भाच्याने तिचं उष्टं उचलावं हे तिला बघवत नव्हतं. मालवणात पंगतीत तोच वाढायचा, ते वेगळं. तिसऱ्यांदा ती उठली तेव्हा दादा तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "आते, बस. माझी नोकरी आसा ती." त्यानंतर आई उठली नाही. पण आम्ही पुढच्या दोन रात्री वर बुफेमध्येच जेवलो. दादाने का विचारलं नाही.

मार्सेय. ब्रोशरमध्ये ज्याला मार्सेय म्हणतात ते क्रूझ टर्मिनल शहराच्या जुन्या बंदरापासून सातआठ किलोमीटर लांब आहे. शटल बसने व्ह्यू पोर्ट या जुन्या बंदरात पोचलो. ग्रीक खलाशांनी इसवीसनापूर्वी ६०० च्या सुमारास इथे वस्ती केली, म्हणजे हे फ्रान्समधलं फार जुनं शहर. सकाळी तिथे मासळी विकायला बायका बसतात आणि आई तिथे पंधरा मिनिटं रमली. भाव विचारायची भाषा येत नाही म्हणून फक्त हाताने मासा उलटून कल्ले बघत होती. विकणारीला कळलं की ही माहीतगार आहे.

मग ६० नंबरची बस धरून टेकडीवरच्या नोत्रदाम द ला गार्द चर्चला गेलो. गावकरी त्या मूर्तीला 'बॉन मेर' म्हणतात, चांगली आई. वरून अख्खं शहर, बेटं आणि समुद्र दिसतो, त्यासाठीच सगळे जातात. आत गेलो तर छतापासून लहान लहान जहाजं लटकत होती. लाकडी, पितळी, काही अगदी खेळण्यातल्यासारखी. वादळातून वाचलेल्या खलाशांनी आणि त्यांच्या घरच्यांनी नवस फेडायला आणून टांगलेली. भिंतींवर 'मेर्सी' कोरलेल्या फरशा. आपल्याकडे नवसाच्या घंटा असतात ना, त्यातलाच प्रकार.

आजी गेल्याचा फोन आला त्या दिवशी दादाच्या सुपरवायझरने त्याची दुपारची ड्यूटी माफ केली होती. कुठे जायचं हे न सुचून तो इथे येऊन बसला होता. हे आम्हाला त्याने नाही, त्याच्या गोव्याच्या केबिनमेटने सांगितलं. आई एका बाकावर बराच वेळ बसली. मी फोटो काढायला बाहेर गेले, कारण मला आत थांबता येईना. खाली उतरल्यावर आईने एकच प्रश्न विचारला, "एवढ्या चढावर तो एकटाच आला असेल?"

त्या दिवशी मार्सेयमध्ये आम्ही दोन कॉफ्या आणि एक पोस्टकार्ड घेतलं. बस्स. जेवायला बोटीत फुकट होतं ना. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण या शहरांची क्रूझवर मुख्य तक्रार तीच आहे. आम्ही हजारोंनी एकदम उतरतो, फुटपाथ भरून टाकतो, फोटो काढतो आणि जेवायच्या वेळेला निघून जातो. बार्सिलोनात २०२४ च्या जुलैत लोकांनी मोर्चा काढून पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या होत्या. तेव्हा हॉस्टेलवर रील बघून आम्ही खूप हसलो होतो. तिथल्या रस्त्यांवरून आईसोबत चालताना, आमच्यासारख्याच गळ्यात बोटीचं कार्ड लटकवलेल्या लोंढ्यात अडकल्यावर, ते तेवढं विनोदी वाटलं नाही.

शहरांनी आता हात आखडता घेतलाय. व्हेनिसने ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या बोटींना सेंट मार्क चौकासमोरून जायला बंदी केली. पाल्मामध्ये २०२२ पासून दिवसाला तीनच क्रूझ बोटी. ग्रीसने जुलै २०२५ पासून क्रूझच्या प्रवाशांवर कर बसवला आणि सँटोरिनी, मिकोनोससाठी ऐन सीझनमध्ये तो माणशी २० युरो आहे. बार्सिलोनाने २०३० पर्यंत सात टर्मिनल्सची पाच करायचं ठरवलंय. धुराचंही तेच. १ मे २०२५ पासून अख्ख्या भूमध्य समुद्रात बोटींच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ०.५ टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणली. बोटी कमी झाल्या तर त्या गावांना श्वास घेता येईल, हे मला पटतं. आणि मग दादाच्या केबिनमेटचा चेहरा आठवतो. त्याच्या घरात तो तिसरा 'तारवटी' आहे. गोव्यात बोटीवरच्या माणसाला हा शब्द आहे. या दोन गोष्टींचा मेळ मला तरी घालता आलेला नाही.

जेनोवाबद्दल थोडक्यात. सहा बंदरांच्या नावांत हे नाव वाचून लोक 'इथे काय बघायचं' म्हणतात, आणि निम्मे जण बोटीतून उतरतच नाहीत. उतरा. बोट लागते ती जागा रेल्वे स्टेशनपासून चालत पाच-दहा मिनिटांवर आहे, शटलचा खर्च नाही. जुन्या गावातल्या गल्ल्या इतक्या अरुंद की गिरगावातल्या वाड्या रुंद वाटाव्यात. आणि दोन गल्ल्यांपलीकडे एकदम महाल. जुन्या काळात पाहुणे राजे उतरवायला या महालांच्या सरकारी याद्या होत्या, आणि आता युनेस्कोच्या यादीत आहेत. आम्हाला सगळ्यात जास्त वेळ मिळाला तो इथे, कारण पोचण्यात गेला नाही.

उलट रोम. 'रोम' असं तिकिटावर लिहिलेलं बंदर म्हणजे चिवितावेक्किया, आणि तिथून रोम गाडीने तासभर. मुंबईचं तिकीट काढून पालघरला उतरावं तसं. फ्लॉरेन्सचंही तसंच, बोट लागते लिव्होर्नोला आणि पुढे नव्वदेक किलोमीटर. अथेन्सचं त्यातल्या त्यात बरं, पिरेअसहून मेट्रो आहे. बोटीकडून सहल घेतली तर महाग पडते, पण एक फायदा: ती बस उशिरा आली तर बोट थांबते. स्वतःच्या जबाबदारीवर गेलात तर थांबत नाही. आम्ही अर्थात स्वतःच्या जबाबदारीवर.

सकाळी सगळं मस्त जमलं होतं. बंदरातून शटल, स्टेशनवरून दिवसभराचं एकच तिकीट ज्यात गाडी आणि रोममधली बस-मेट्रो दोन्ही येतं, आणि तेर्मिनीपर्यंत न जाता सान पिएत्रो स्टेशनला उतरलो. तिथून व्हॅटिकनचा चौक चालत दहा-पंधरा मिनिटं. चर्चमध्ये जायची रांग बघून आईने लांबूनच नमस्कार केला. मग नदी ओलांडून चालत नव्होना चौक, पँथिऑन, त्रेवी, कोलोझियम. पाच तासांत दोन हजार वर्षं. खरं सांगू, निम्म्याहून जास्त मला आठवत नाही. ट्रेलर बघून सिनेमा बघितला म्हणायचं असा प्रकार.

पँथिऑन आठवतं. तिथे आम्ही बसलो म्हणून. घुमटाच्या मधोमध जवळपास नऊ मीटरचं भोक आहे, काच नाही, काही नाही, वर थेट आभाळ. हेड्रियन राजाच्या काळात, इसवीसन १२५ च्या आसपास बांधलेलं. आईने वर बघून पहिला प्रश्न विचारला, "पाऊस आला की काय करतात?" मी गूगल करणार तेवढ्यात तिला जमिनीत पाणी जायची बारीक भोकं दिसली. "आहेत," ती समाधानाने म्हणाली. कोकणातलं माणूस जगात कुठेही गेलं तरी आधी पागोळ्यांची सोय बघतं.

आणि मग तेर्मिनी, २७ नंबर, चुकलेली गाडी. पुढची अर्ध्या तासाने. त्या अर्ध्या तासात मी सगळ्या शक्यता शोधल्या. बोट चुकली तर काय करतात? पुढच्या बंदरात स्वतःच्या खर्चाने जाऊन गाठायची. नेपल्स गाडीने सहज गाठता येतं, रात्री तिथे राहायचं, सकाळी धक्क्यावर जाऊन उभं राहायचं. काही फार भयंकर नाही. पण आमचे पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत होते. अशा वेळी बोटीवरचे लोक पासपोर्ट काढून बंदरातल्या एजंटकडे ठेवतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आणि आईची मुख्य चिंता वेगळीच होती. "त्याच्या साहेबाला कळलं तर? त्याची माणसं अशी म्हणून त्याला बोलणी बसतील." तुटकी चप्पल मांडीवर घेऊन ती अख्खा रस्ता हेच बोलत होती.

सहा वाजून एकवीस मिनिटांनी आम्ही शिडीवर होतो. आमच्या मागून दोन स्पॅनिश मुली पळत आल्या आणि वरच्या डेकवरून लोकांनी टाळ्या वाजवल्या. हा म्हणे दर बंदराला होणारा करमणुकीचा कार्यक्रम आहे. लोक ड्रिंक घेऊन, रेलिंगला टेकून, उशिरा पळत येणाऱ्यांना बघतात. आतल्या स्कॅनरपाशी दादा उभा होता. ड्यूटी सोडून पाच मिनिटांसाठी आला असणार. आईकडे आणि तिच्या अनवाणी पायांकडे बघितलं, आणि म्हणाला, "काय गो आते, रोम बघून इलंस?"

त्या रात्री मला कळलं की दादाने रोम बघितलेलं नाही.

दर बुधवारी त्याची बोट चिवितावेक्कियाला लागते. या बोटीवरचं त्याचं हे दुसरं कॉन्ट्रॅक्ट. म्हणजे पन्नासेक बुधवार झाले असतील. मी विचारलं तेव्हा त्याने हिशोबच मांडला. नाश्त्याची ड्यूटी साडेसहा ते दहा. दुपारच्या जेवणाची बारा ते तीन. रात्रीची साडेपाच ते अकरा. मधल्या तुकड्यात झोप. आंतरराष्ट्रीय नियमाने २४ तासांत जास्तीत जास्त १४ तास काम, आठवड्याला ७२. सुट्टीचा दिवस नावाची गोष्ट सात महिन्यांत नाही. कधीतरी अर्धा दिवस मोकळा मिळतो. पण बोट बंदरात असताना ठरावीक लोकांना बोटीवर थांबावंच लागतं, आग लागली, काही झालं तर. त्याला 'आयपीएम' म्हणतात आणि ती पाळी फिरत असते. मोकळा अर्धा दिवस, आयपीएम नाही आणि वार बुधवार, असं तिन्ही एकदम जुळून यायला हवं. "माका वेळ खय गावता?" तो म्हणाला. धक्क्याला लागून एक जुना किल्ला आहे, त्याला मायकेलअँजेलोचं नाव आहे. दादा तेवढ्यापर्यंत चालून येतो, फोन करतो आणि परत.

म्हणून नेपल्सला आम्ही काहीही बघायचं नाही असं ठरवलं. पाँपेई जायचं मी दोन महिने मनात धरलं होतं. व्हेसूव्हिअस इसवीसन ७९ मध्ये फुटला आणि अख्खं गाव राखेत गाडलं गेलं, ते गाव गाडीने पाऊण तासावर होतं. आईने एकदाच विचारलं, "तुला जायचंय?" मी नाही म्हटलं. खोटं बोलले, पण बरं झालं.

नेपल्सला बोट थेट शहराच्या दारात लागते. बाहेर पडलं की समोर किल्ला, मेट्रो. दादाला अडीचपासून पाचपर्यंत मोकळीक होती. तो जीन्स घालून बाहेर आला आणि पहिल्यांदा आमचा दादा दिसला. पहिली वीस मिनिटं त्याने आमच्याकडे बघितलंच नाही. एका दुकानाबाहेरच्या ठरलेल्या पायरीवर, जिथे फुकट वायफाय पकडतं, तिथे आणखी दहा-बारा जण बसले होते: फिलिपिनो, इंडोनेशियन, दोन नेपाळी. सगळे व्हिडीओ कॉलवर. दादाने मामीला कॉल लावला आणि फोन आईकडे दिला. मामी बोलता बोलता रडायला लागली, आई पण, आणि बाजूच्या फिलिपिनो मुलीने न विचारता आईला टिश्यू दिला. मग दादाने शांपू घेतला, नूडल्सची पाकिटं घेतली.

नंतर आत गल्लीत नेऊन त्याने आम्हाला पिझ्झा खायला घातला. टेबलावर बसून नाही. इथे मार्गारिता चौघडी करून कागदात गुंडाळून देतात, पाकिटासारखी, आणि उभ्या उभ्या खायची. आईला पिझ्झा आवडत नाही असं ती वीस वर्षं सांगत आलीय. तिने दोन खाल्ल्या. पैसे ती देणार म्हणाली तर दादाने तिचा हात धरून ठेवला. "हंय मी वाढणारो नाय, हंय मी घरचो," तो म्हणाला आणि लगेच घड्याळ बघितलं. सव्वाचार.

परतताना आईने पिशवीतून डबा काढला. खडखडे लाडू, कोकम आणि एका पुडीत आजीच्या पेटीतली तिची जुनी तपकिरीची डबी. हे मुंबईहून निघाल्यापासून तिच्याकडे होतं. बोटीवर टेबलाशी द्यायचं नव्हतं. दादाने डबी उघडून वास घेतला, शिंकला, आणि आम्ही तिघं भर रस्त्यात हसत सुटलो. मी फोटो काढला नाही.

शुक्रवारी नुसता समुद्र होता आणि मला बोट लागली, त्यामुळे त्या दिवसाबद्दल मी काही सांगू शकत नाही. आईला काही झालं नाही. तिने डेकवर बसून स्वेटर विणला. पाल्माला चर्च बघितलं, ऊन बघितलं. शेवटच्या रात्री आम्ही परत दादाच्या टेबलावर बसलो. आई सूप प्यायली, मासा खाल्ला, ताटली त्याला उचलू दिली आणि बाकीच्यांसारखं "थँक यू" म्हणाली. तोही "माय प्लेझर, मॅडम" म्हणाला. दोघांचे चेहरे अगदी गंभीर.

रविवारी सकाळी बार्सिलोनात उतरायला आम्हाला आठची वेळ दिली होती. लिफ्टमध्ये पुन्हा रविवारचा गालिचा. खाली नवे लोक बॅगा घेऊन यायला लागले होते. दादा नाश्त्याच्या ड्यूटीवर होता, भेट झाली नाही.

आता त्याचं कॉन्ट्रॅक्ट ऑगस्टमध्ये संपतंय. या वेळी तो गणपतीला घरी असेल. पुढे परत जायचं की नाही हे त्याचं ठरलेलं नाही, आणि आई विचारत नाही. परवा मंगळवारी रात्री मी ऑफिसमधून निघताना त्याचा मेसेज आला. उद्या दुपारी मोकळीक आहे, आयपीएम नाही. खाली प्रश्न: "त्या सान पिएत्रो स्टेशनाकडसून चर्च किती मिनटां?"

मी लिहिलं, दहा-पंधरा. पण परतताना तेर्मिनीला जाऊ नकोस, तिथूनच गाडी पकड.

"मग जमतला," त्याने लिहिलं.